पागोट्यातली पत्रे

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आमच्या इंग्रजीच्या प्रोफेसरांनी वर्गात एका जर्मन गृहस्थाची हकीकत सांगितली. हे गृहस्थ पुस्तकांचे प्रकाशक होते आणि स्वतः कादंबऱ्याही लिहीत; पण आपल्या नावाने एकही नाही. चार-पाच वेगवेगळी नावे त्यांनी घेतली होती. एका नावाने कादंबरी लिहायची, दुसऱ्या नावाने तिची स्तुती करायची, आणि तिसऱ्या नावाने त्या स्तुतीवर वाद घालायचा. वाचकांना वाटे, केवढी मोठी लेखकमंडळी या माणसाभोवती जमली आहे. वर्ग पोट धरून हसला. मीही हसलो. त्या वेळी माझ्या कोटाच्या आतल्या खिशात मला प्रिय असलेल्या एका लेखकाचे पत्र होते आणि तास संपला की ते पुन्हा वाचायचे मी ठरवले होते.

ते हसणे मला अजून आठवते. म्हणून तिथूनच सुरुवात केली. बरोबर केली की नाही, कळत नाही.

मी देवासचा. आमच्या गावाच्या मधून एक रस्ता जातो. त्याच्या एका बाजूला थोरल्या पातीचे, म्हणजे राजघराण्याच्या थोरल्या शाखेचे राज्य, दुसऱ्या बाजूला धाकट्या पातीचे. आम्ही कोणत्या बाजूचे ते लिहीत नाही. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, दरबारचे जासूद होते. म्हणजे दरबारची पत्रे ज्याची त्याला नेऊन पोचवणे हे त्यांचे काम. रस्ता ओलांडून वीस पावलांवर पत्र द्यायचे असले तरी पागोटे, छातीवर बिल्ला आणि हातात काठी असा सगळा सरंजाम करून आबा निघत, कारण ते परराज्यात जाणे होते. समोरच्या बाजूचा हलवाई रोज हसून विचारी, "क्यों भिया, आज किस मुलक की सवारी?" आबा उत्तर देत नसत. बिल्ला अंगावर असताना ते कुणाशी थट्टा करत नसत.

आमच्या घरात शाळेत गेलेला मी पहिला. कॉलेजात तर आमच्या आळीतून कुणीच गेले नव्हते. इंदूरच्या वसतिगृहात मी आलो तेव्हा माझे मराठी ऐकून पुण्याकडची मुले मजा करत. माळव्यातले शब्द माझ्या तोंडात नकळत येत. कुणी काही विचारले की मी आधी मनात वाक्य जुळवी आणि मग बोले. तोवर विचारणारा निघून गेलेला असे. त्या दिवसांत वाचनालयात धारेहून निघणारी एक कादंबरीमाला येत असे. महिन्याला एक पुस्तक. तीन लेखक आळीपाळीने लिहीत. एक विधवा बाई होत्या, एक पेन्शनर सुभेदार आणि एक तरुण माणूस. त्यांची नावे इथे देत नाही. तशीही ती कुणाचीच नव्हती.

त्या तरुण लेखकाने आपल्या पहिल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहिले होते, की आपले वडील विणकर, त्यांना अक्षरओळख नाही, आणि घरात पहिले पुस्तक आपणच आणले. मी ते पान उभ्यानेच तीनदा वाचले. लेखकास पत्रे प्रकाशकामार्फत पाठवावीत, अशी शेवटी सूचना होती. आठ दिवस विचार करून मी एक पत्र पाठवले. उत्तर येईल असे वाटले नव्हते. पण आले, आणि चांगले चार पानी आले.

मग वर्षभर आमची पत्रे चालली. परीक्षेत एका विषयात मी नापास झालो तेव्हा शिक्षण सोडून परत जायचे माझ्या मनात होते. त्यांनी लिहिले, "घरातला पहिला माणूस पडतोच, त्याला वाट माहीत नसते. दुसऱ्याने पडू नये म्हणून पहिल्याने उठायचे." मी राहिलो. हे त्यांचे उपकार आहेत आणि आजही मी ते नाकारत नाही.

एकदा त्यांनी लिहिले, की आमच्या घरी पाहुणे आले की वडील वर्तमानपत्र उघडून बसत आणि ते उलटे धरलेले असे. लहानपणी मला त्याची लाज वाटे, आता लाज वाटल्याची लाज वाटते. ते वाचून मला रडू आले. आपले कुणाला न सांगितलेले त्यांनी मला सांगितले. तेव्हा मीही सांगावे, असे मला वाटले. त्याच दिवशी मी आबांबद्दल लिहिले.

आबांना वाचता येत नव्हते. जासूद असून येत नव्हते, आणि हे दरबारात कुणालाच माहीत नव्हते. पूर्वी कुणी विचारतही नसे. पण नवे कारभारी आल्यापासून निरक्षर माणूस जासुदाच्या कामावर ठेवायचा नाही असा हुकूम निघाला होता आणि दोघांना घरी बसवलेही होते. आबांचे मात्र निभावले, कारण त्यांनी एक युक्ती वीस वर्षे चालवली होती. पत्रे देताना कारकून नावे मोठ्याने सांगे. आबा ती त्या क्रमाने पागोट्याच्या घड्यांत खोवत. कपाळावरच्या घडीत पहिल्या मुक्कामाचे, उजव्या कानावर दुसऱ्याचे, असे मागे मागे जात शेवटचे मानेवर. पोचल्यावर ते पत्र काढत, डाव्या कानावर अडकवलेली कडुलिंबाची काडी हातात घेत, पत्त्याच्या चिठ्ठीवरून ती हळूहळू फिरवत आणि आधीच पाठ असलेले नाव वाचल्यासारखे म्हणत. बघणाऱ्याला वाटे, काय सावकाश आणि नीट वाचणारा माणूस आहे.

एकदाच चुकले. दसऱ्याची निमंत्रणे घेऊन आबा टोंकखुर्दच्या वाटेवरच्या दोन जहागीरदारांकडे निघाले होते. एक मोठे, एक लहान. लखोट्याच्या भारी कागदावर पत्ता लिहायचा नाही, तो वेगळ्या चिठ्ठीवर लिहून दोऱ्याने बांधायचा, अशी दरबारची रीत होती. नाला ओलांडताना पाणी छातीपर्यंत आले, आबांचा पाय घसरला आणि पागोटे सुटून वाहू लागले. आबांनी ते धरले, पत्रेही वाचवली. पण दोऱ्या निघाल्या होत्या. काठावर बसलेल्या आबांच्या एका हातात दोन लखोटे आणि दुसऱ्या हातात दोन चिठ्ठ्या होत्या. अंदाजाने त्यांनी बांधल्या. अंदाज चुकला. आतला मजकूर एकच होता, पण वरचा मायना वेगळा. मोठ्यांना लिहायचा मायना लहानांकडे गेला आणि लहानांचा मोठ्यांकडे. ज्यांना कमी मायना मिळाला ते दसऱ्याला आले नाहीत, आणि तक्रार मात्र आली. चिठ्ठ्या कुणी बांधल्या, तर चिटणीशीतल्या एका कारकुनांनी. त्यांना तिथून काढून दफ्तरखान्यात जुने कागद फडक्यात गुंडाळून त्यांचे रुमाल बांधायला बसवले. ते शपथेवर सांगत राहिले की मी बरोबर बांधल्या होत्या. आबा गप्प राहिले.

हे आबांनी मला एकट्याला सांगितले होते. मी कॉलेजला निघालो त्या सकाळी, टांग्याच्या अड्ड्यावर, सामान चढवून झाल्यावर. "तू का शिकायचंस ते तुला ठाऊक असावं," एवढेच म्हणाले आणि काठी टेकत परत गेले.

असे सगळे मी त्या लेखकाला लिहिले. नाला, चिठ्ठ्या, कानावरची काडी, सगळे. उत्तर आले, "तुमचे पत्र मी माझ्या वडिलांना वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत." मी ते वाक्य पाठ केले होते.

चार महिन्यांनी त्यांची नवी कादंबरी वाचनालयात आली. सातव्या प्रकरणात एक जासूद होता. मधोमध रस्ता आणि दोन्हीकडे दोन राज्ये अशा एका गावातला. खरे सांगायचे तर पहिल्या परिच्छेदाला मला आनंद झाला. आपले आबा पुस्तकात आले, असे वाटले. मग पुढे वाचले. ते प्रकरण विनोदी होते. जासूद काडी फिरवत चुकीची नावे वाचतो, नाल्यात पागोट्याच्या मागे धावताना धोतर सुटते, काठावर बसून दोन चिठ्ठ्यांचा वास घेऊन कोणती कुणाची ते ठरवतो. बाजूच्या बाकावर दोघे मुलगे तेच पान वाचून खिदळत होते. त्यांपैकी एकाने मला हाक मारली, "अरे देवासकर, हे तुमच्याकडचं दिसतं की! असा कुणी आहे का रे?" मी म्हणालो, नाही.

तरीही मला त्यांचा राग आला नाही. माझी समजूत अशी, की लिहिता लिहिता वाहवत गेले असतील. बिल्ला जाईल, हे त्यांच्या ध्यानात आले नसेल. आपण भेटून सांगितले तर ज्यांच्या वडिलांनी असेच दिवस काढले ते समजून घेतील. देवासला जाणारी पुस्तके थांबवतील. त्यांचा पत्ता प्रकाशकाकडेच मिळणार होता. दोन दिवसांची रजा घेऊन मी महूवरून टांग्याने धारेला गेलो.

छापखाना तलावाच्या बाजूच्या एका लांबट खोलीत होता. दारातच मोठे काळे यंत्र, त्यावर परक्या लिपीत पितळी अक्षरे. आत दोन माणसे उभ्याने छपाईचे खिळे जुळवत होती. कोपऱ्यात बैठकीवर पन्नाशीचे एक गृहस्थ लिहीत बसले होते. त्यांच्यासमोर कागदांच्या तीन चळती होत्या. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. हेच प्रकाशक. त्यांनी वर न पाहता मला बसायची खूण केली आणि गूळपाणी आणायला सांगितले. मी कुठून आलो, जेवलो का, हे काही न विचारता पान पूर्ण करत राहिले.

तेवढ्यात खिळे जुळवणाऱ्यांपैकी एक म्हणाला, "भाऊसाहेब, बाईंचं पान अडलंय. बाई कधी देणार?"

"बाई जेवल्या की देतील," भाऊसाहेब लिहिता लिहिताच म्हणाले.

"आणि सुभेदार?"

"सुभेदारांचं डोकं दुखतंय आज. उद्या लढाई."

दोघेही हसले. मला वाटले, लेखक मंडळी आतच कुठे उतरलेली असावीत. मी आतल्या दाराकडे पाहू लागलो. मग भीत भीत विचारले, की ज्यांचे वडील विणकर आहेत त्यांचा पत्ता मिळेल का. मी देवासचा विद्यार्थी, माझा त्यांच्याशी पत्रव्यवहार आहे.

भाऊसाहेबांनी बोरू खाली ठेवला. त्यांचा चेहरा अगदी खुलला. "अरे, ते पागोटेवाले तुम्ही!" ते म्हणाले. "या, या, असे जवळ बसा. काय पत्र लिहिलंत हो. दोन बैठकींत प्रकरण झालं."

मला अजून कळले नव्हते. मी म्हणालो, ते कुठे आहेत?

खिळेवाला मान खाली घालून हसत होता. भाऊसाहेबांनी तिसऱ्या चळतीवर हात ठेवला. "हे काय, इथंच आहेत. बोला ना."

त्या चळतीच्या वरच्या कागदावर मी ओळखत असलेले वळण होते. तीच मोडी, तीच लांब मात्रा. भाऊसाहेब दयाळूपणे बोलत होते. त्यात त्यांना लपवून ठेवण्यासारखे काही वाटत नव्हते. मासिक माला चालवायची तर एकाच नावाला लोक कंटाळतात. बाईच्या नावाचे बायका वाचतात, सुभेदाराचे म्हातारे वाचतात, आणि तरुणांना तरुण लागतो. मग त्यांनी फळीवरून एक इंग्रजी पुस्तक काढले. एका जर्मनाच्या कादंबरीचे ते भाषांतर होते. तो स्वतः लिहितो, स्वतः छापतो, आणि नावे घेतो चार-पाच. आणि तिकडे त्याला कुणी नावे ठेवत नाही. मी म्हणालो, ऐकलंय त्यांच्याबद्दल. वर्गात.

विचारायचे खरे होते ते पुस्तकांबद्दल. त्यासाठीच मी आलो होतो. पण तोंडातून दुसरेच निघाले.

"तुमचे वडील?"

"माझे वडील?" भाऊसाहेबांना प्रश्नाचे नवल वाटले. "पुराणिक होते ते. मरेपर्यंत हातात पोथी."

"मग ते वर्तमानपत्र? उलटं धरलेलं?"

"ते सुचलं. तुम्हाला पत्र लिहिताना सुचलं." ते हसले, पण माझ्याकडे पाहून थांबले. "तुम्हाला खरं वाटलं ना? मग त्यात खोटं काय राहिलं?"

मी समोरचे गूळपाणी बाजूला सारले.

देवासचा गठ्ठा पाठवू नका, आबांची नोकरी जाईल, असे मी शेवटी सांगितले. त्यांना खरोखर वाईट वाटले असावे. गठ्ठा सोमवारीच गेला होता. तिथे त्यांचे नऊ वर्गणीदार होते आणि बहुतेक सगळे कचेरीतले. "पण नाव कुठं घेतलंय मी?" ते पुन्हा पुन्हा म्हणाले. नाव नव्हते, हे खरे. पण आमच्या बाजूला जासूद सहा, आणि कानावर काडी एकाच्याच. त्यांनी जेवून जायचा आग्रह केला. मी जेवलो नाही. निघताना त्यांनी नवी कादंबरी माझ्या हातात दिली. नको म्हणायचे मला सुचले नाही.

मी कॉलेजात परत न जाता सरळ देवासला गेलो. घरी पोचलो तेव्हा दुपार होती आणि आबा पडवीत बसले होते. डोक्याला पागोटे नव्हते. दिवसाउजेडी त्यांचे डोके उघडे मी क्वचितच पाहिले असेल. केस फार पांढरे झाले होते. आई आत बोलावून हळू आवाजात सांगू लागली. आदल्या दिवशी कचेरीत मधल्या सुटीत पुस्तक मोठ्याने वाचणे चालले होते. सगळे हसत होते. दफ्तरखान्यातले ते कारकूनही ऐकत बसले होते. चिठ्ठ्यांचे वाक्य आले तसे त्यांनी वाचणाऱ्याच्या हातातून पुस्तक घेतले आणि ते पान एकट्याने वाचले. संध्याकाळी ते आमच्या दारात आले. दोन चिठ्ठ्या त्यांनी आबांपुढे ओट्यावर ठेवल्या.

"यातली मोठ्या जहागीरदारांची कुठली, तेवढं सांगा," ते म्हणाले. आवाज चढवला नव्हता, असे आई म्हणाली. "बारा वर्षं रुमाल बांधतोय मी."

आबांनी काडीला हातही लावला नाही. त्यांनी हात जोडले.

मी पडवीत गेलो. आबांनी माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिले. "तेच का?" त्यांनी विचारले. मी मान हलवली. "वाच."

मी सातवे प्रकरण वाचून दाखवले. वगळत वगळत वाचावे असे मनात होते, पण ते धाडस झाले नाही. धोतर सुटल्याचे वाचले, वास घेतल्याचे वाचले. आबा रस्त्याकडे पाहत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "वास नव्हता घेतला."

मग त्यांनी विचारले, "हे तू कुणाला सांगितलंस?"

मी म्हणालो, ज्याच्या बापाला वाचता येत नाही अशा एका माणसाला.

"मग त्याला कळायला हवं होतं."

"त्याच्या बापाला येत होतं, आबा."

आबांनी माझ्याकडे पाहिले. रागावले असते तर बरे झाले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पागोटे बांधून, बिल्ला लावून, काठी घेऊन कचेरीत गेले. कारभाऱ्यांपुढे त्यांनी नाल्याची हकीकत स्वतः सांगितली, बिल्ला आणि काठी तिथेच ठेवली आणि परत आले. येताना समोरच्या हलवायाने काही विचारले नाही, हे मी दारातून पाहिले. पुढच्या महिन्यात त्या कारकुनांना चिटणीशीत परत घेतले. हे चांगले झाले, असे म्हणायला हवे. मी म्हणतोही. पण ते माझ्या हातून झाले, असे मला म्हणता येत नाही.

आबा आता धान्याच्या एका वखारीवर राखणीला असतात.

त्यानंतर मला धारेहून एक पत्र आले. तेच मोडी वळण आणि खाली तीच तरुण लेखकाची सही. झाल्या गोष्टीचा मला फार खेद आहे, माझे वडीलही हळहळले, असे त्यात होते. शेवटी विचारले होते, की पुढे काय झाले ते सवडीने कळवावे. वाचकांची उत्तरार्धाची मागणी आहे. ते "माझे वडीलही" मी पुन्हा पुन्हा वाचले. भाऊसाहेबांना वाटले असेल, सही बदलली तर बरे दिसणार नाही. की सवयच झाली असेल? मी उत्तर दिले नाही.

वसतिगृहात मी अजून आहे. हे बी. ए. चे वर्ष. गेल्या सुटीत घरी गेलो होतो तेव्हाची एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. दुपारी मी पडवीत वाचत बसलो होतो. डाकवाला आला. लोहारद्याहून आत्याचे पत्र होते. ती तिथल्या मास्तरांकडून लिहवून घेते आणि मी घरी असलो की ते नेहमी मीच वाचतो. मी हात पुढे केला. आबांनी ते पत्र घेतले, उलटसुलट पाहिले, डोक्याला पागोटे बांधले आणि पत्र कपाळावरच्या घडीत खोवले. मी म्हणालो, आबा, मी वाचतो ना.

"तू अभ्यास कर," ते म्हणाले.

ते पायऱ्या उतरून रस्त्याने चालू लागले. चौथ्या घरापाशी ते थांबले. ते घर त्या कारकुनांचे. दारात उभे राहून आबांनी पागोट्यातून पत्र काढले आणि त्यांच्या हातात दिले. कारकुनांनी चष्मा लावला. मी पुस्तक उघडून बसलो होतो. एवढ्या लांबून काही ऐकू येत नव्हते.